पाहुण्यांसाठी अभिप्रायवही आहे, वाचकांसाठी का नाही?

साताऱ्यातल्या एका वाचनालयातून आणलेल्या ग्रामीण कादंबरीत एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘आडसालीची लागण उन्हाळ्यात नसते. जुलै-ऑगस्ट.’ लेखकानं नायकाकडून ऐन वैशाखात आडसाली ऊस लावून घेतला होता आणि कुणा वाचकाला ते खपलं नव्हतं. खाली निळ्या शाईत दुसरं हस्ताक्षर : ‘गोष्ट बघा, शेती कशाला बघता?’ त्याखाली पुन्हा पहिली पेन्सिल, या वेळी जरा दाबून : ‘शेती खोटी, तर माणूस खरा कशावरून?’

म्हणजे पहिल्या वाचकानं ते पुस्तक पुन्हा एकदा घरी नेलं होतं. कादंबरीतल्या तपशिलाचा खरेपणा आणि तिच्यातल्या माणसांचा खरेपणा यांचं नातं काय, हा वाद समीक्षक वर्षानुवर्षं घालत आलेत. इथं दोन सभासदांनी तो बोटभर जागेत घातला होता. ते एकमेकांना ओळखत नसणार. कदाचित संध्याकाळी गोलबागेत शेजारच्या बाकावर बसतही असतील. आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शिक्क्यात सूचना होती, ‘पुस्तकात काहीही लिहू नये.’

नियम योग्यच आहे. पुस्तक सगळ्यांचं असतं, ते कुणी रेघोट्या मारून खराब करू नये. पण मग लिहायचं कुठं? वाचून झाल्यावर, किंवा वाचता वाचताच, मनात जे उसळून येतं ते सांगायचं कुणाला?

जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात जा. ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात किंवा काचेच्या कपाटात जाड पुठ्ठ्याची एक अभिप्रायवही असते. कुणी अधिकारी, आमदार, दुसऱ्या गावचे साहित्यिक आले की ती बाहेर निघते. पाहुणे लिहितात, ‘ग्रंथसंपदा पाहून समाधान वाटले. संस्थेच्या वाटचालीस शुभेच्छा.’ खाली सही, तारीख. ही वही जपावी, तिच्यात संस्थेचा इतिहास असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की वाचनालयाला तासभर भेट देणाऱ्याच्या मतासाठी आपण वही ठेवतो आणि तिथलीच पुस्तकं तीस-तीस वर्षं वाचणाऱ्या सभासदाच्या मतासाठी साधा कागदही ठेवत नाही. सध्या कोण काय वाचतंय आणि त्याला ते कसं वाटतंय, हे सांगायला-ऐकायला प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात हक्काची जागा असली पाहिजे. ही मला हौसेची बाब वाटत नाही. वाचनालयाच्या मूळ कामाचाच तो भाग आहे.

आपल्याकडे पुस्तकांबद्दल बोलणं होत नाही असं नाही. बरंच होतं, पण ते बहुतेक वेळा व्यासपीठावरून होतं. सातारा काय किंवा सांगली काय, महिन्यात दोन-चार प्रकाशन समारंभ ठरलेले. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत आणि मग वक्ते पुस्तकावर बोलतात. त्यात ‘समाजाला दिशा देणारे’, ‘मनाचा ठाव घेणारे’, ‘संग्रही असावे असे’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की त्यांतून एक पुस्तक दुसऱ्याहून वेगळं कसं हे कळायला मार्ग उरत नाही.

याचं कारण वक्त्यांचा खोटेपणा नाही. कारण आपल्या गावाच्या आकारात आहे. मुंबई-पुण्यात समीक्षकाला लेखक रोज भेटत नाही. इथं लेखक आपल्या मुलाचा वर्गशिक्षक असतो, बँकेतला सहकारी असतो, भावकीतला असतो, उद्या लग्नात शेजारच्या पंगतीला बसणारा असतो. त्याच्या कवितासंग्रहातल्या निम्म्या कविता जमलेल्या नाहीत हे कुणी तोंडावर सांगायचं? त्यानं पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेलं असतं, घरातल्यांचं बोलणं खाल्लेलं असतं. त्याला ‘छान’ म्हणणं हा आपल्याकडे माणुसकीचा भाग आहे आणि त्या माणुसकीचा मला आदर आहे.

पण त्या लेखकाच्या बाजूनं विचार केला तर? पुस्तक निघाल्यावर त्याला पन्नास हार मिळतात आणि एकही असा माणूस भेटत नाही, जो म्हणेल, ‘सतराव्या पानावरची आईची कविता मी तीनदा वाचली, पाऊस आणि प्रेम यांच्यावरच्या दहा कविता मात्र मला एकसारख्या वाटल्या.’ हे एक वाक्य त्याच्या पुढच्या संग्रहाला सगळ्या हारांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आपण त्याचा सत्कार करतो, पण त्याचं वाचत नाही. किंवा वाचतो आणि वाचल्याचं त्याला कळू देत नाही. पहिल्यापेक्षा हे दुसरं मला जास्त दुःखाचं वाटतं.

या सत्काराच्या सवयीमागे त्याहून जुनी एक सवय आहे. गावोगाव सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. शंभर माणसं एकत्र बसून एक ग्रंथ वाचतात. सामूहिक वाचनाची इतकी मोठी आणि इतकी टिकाऊ परंपरा फार थोड्या समाजांकडे असेल. तिनं अक्षरओळख नसलेल्यांच्याही ओठांवर ओव्या नेल्या. पण पारायणात ग्रंथापुढे माथा टेकवायचा असतो, तिथं तेच योग्य आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा तीच मुद्रा घेऊन आपण कादंबरीकडे, आत्मचरित्राकडे, गेल्या वर्षी निघालेल्या इतिहासाच्या पुस्तकाकडे जातो. छापलेलं आहे म्हणजे ते ऐकून घ्यायचं, आपण कोण बोलणार?

बोलण्याची परंपराही याच जिल्ह्यात आहे. वाईची प्राज्ञपाठशाळा, तिथं शिकलेले आणि पुढे वाईत बसूनच मराठी विश्वकोशाचं काम उभं करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ही नावं आपण अभिमानानं घेतो. शास्त्रांच्या अभ्यासात वादाची एक शिस्त असते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल इतक्या नीटपणे सांगायचं आणि मगच उत्तर द्यायचं. पुस्तकावर मत देण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. लेखकाला काय म्हणायचंय ते आधी सांगा, मग तुम्हाला ते का पटलं किंवा का पटलं नाही ते सांगा. ही शिस्त पंडितांपुरती राहण्याचं कारण नाही. सातवीतल्या मुलीलाही ती जमते, कुणी तिला विचारलं तर.

आणि धैर्याचा विषय निघाला तर कऱ्हाडची आठवण काढावीच लागेल. डिसेंबर १९७५. आणीबाणी सुरू होती. कऱ्हाडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्र सरकारात परराष्ट्रमंत्री होते. त्या मांडवात दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध आपलं मत मांडलं, पुढे त्यांना तुरुंगातही जावं लागलं. सरकारच्या मंत्र्यासमोर सरकारविरोधी मत कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या गावात मांडलं गेलं. त्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांनी ‘या कादंबरीचा शेवट मला फसलेला वाटला’ एवढं म्हणायला आपल्याला कचरल्यासारखं व्हावं?

न बोलण्याची किंमतही याच जिल्ह्यानं पाहिली आहे. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना तुकाराम महाराजांवरच्या त्यांच्या कादंबरीमुळे उठलेल्या वादात राजीनामा द्यावा लागला आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं. कोण बरोबर, कोण चूक हा इथला विषय नाही. भाविकांच्या मनाला लागलेलं खरं होतं, लेखकाचं झालेलं नुकसानही खरं होतं. पण त्या दिवसांत माझ्या ओळखीपाळखीत त्या पुस्तकावर बोलणारे पुष्कळ भेटले आणि ते वाचलेले फारच थोडे. मला तेव्हापासून वाटत आलंय, की जिथं पुस्तकांवर रोज, साधेपणानं, चहा पिता पिता बोलणं होत नाही, तिथं पुस्तकावर बोलण्याचा प्रसंग एकदम भांडणाच्या वेळीच येतो. तोपर्यंत नापसंती कशी व्यक्त करायची याचा सरावच झालेला नसतो. मग एक तर सगळं गोड किंवा एकदम निषेध. मधली सगळी जागा रिकामी.

ती मधली जागा कुणाला जमते, हे पाहायचं असेल तर वाचनालयाच्या अभ्यासिकेतल्या मुलांकडे बघावं. ‘वाचनालयं आता वाचनालयं राहिली नाहीत, स्पर्धा परीक्षेची खुराडी झाली’ अशी तक्रार जुने सभासद करतात. मला ती अन्यायाची वाटते. खटाव-माणमधून आलेला मुलगा कॉट बेसिसवर राहून सकाळी सातपासून अभ्यासिकेत बसतो, गावात सर्वांत जास्त वेळ छापील कागदासमोर बसणारा माणूस तोच. आणि त्याला मत असतं. ही मुलं टपरीवर उभी राहून बोलतात ते एकदा ऐका. ‘ते घेऊ नको रे, नवीन आवृत्ती म्हणतात पण आत जुनंच आहे.’ ‘भूगोलाला हे चांगलं, पण नकाशे दुसरीकडनं बघ.’ ‘ह्याची उत्तरतालिका चुकलीय, मी मोजून सहा चुका काढल्या.’ प्रकाशन, लेखक, किंमत, चुका, सगळ्याचा रोखठोक हिशेब. कुणाचाही मुलाहिजा नाही, कारण चुकीच्या पुस्तकावर त्यांचं एक वर्ष जातं. पुस्तकावर स्पष्ट मत देणं आपल्या मातीत नाही असं म्हणणाऱ्यानं त्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहावं. फक्त त्या मुलाला कुणी विचारलं पाहिजे की बाबा रे, परीक्षेबाहेरचं काही वाचतोस का, ते कसं वाटलं. विचारायला माणूस नाही आणि लिहायला वही नाही, म्हणून ते मत चहाच्या ग्लासाबरोबर तिथंच राहतं.

आमच्या पेठेत बायकांची पुस्तकभिशी आहे. दरमहा प्रत्येकीनं दोनशे रुपये काढायचे, जिची चिठ्ठी निघेल तिनं तिच्या आवडीची पुस्तकं घ्यायची, ती सगळ्यांत फिरवायची आणि पुढच्या भिशीला ज्या पानापर्यंत पोचलो असू तिथपर्यंतचं बोलायचं. ‘पूर्ण वाचूनच बोला’ असा नियम आम्ही मुद्दाम केला नाही. पोस्टात नोकरी केलेल्या एक काकू एकदा म्हणाल्या, ‘मी साठाव्या पानावर आहे. ही बाई नुसती सोसते आणि लेखक तिला वर शाबासकी देतो. मला राग आलाय, लेखकाचा.’ त्यावर नव्यानं आलेली एक सून म्हणाली, ‘काकू, माझ्या आजीनं असंच आयुष्य काढलं. तुम्हाला त्यात शाबासकी कुठं दिसली?’ पोहे गार झाले, पण वाद संपला नाही. पुढच्या महिन्यात काकूंनी पुस्तक संपवून आणलं. म्हणाल्या, ‘राग अजून आहे. पण आता तो निम्मा लेखकावर आहे, निम्मा माझ्यावर. माझ्या सासूबाईंना मी कधी विचारलंच नाही, त्यांनी काय काय काढलं ते.’

अर्ध्यावरचं मत म्हणून महत्त्वाचं. पुस्तक संपवल्यावर आपण निकाल देतो आणि निकालात शहाणपणा शिरतो, दुसऱ्यांनी काय म्हटलंय ते शिरतं. साठाव्या पानावरचा माणूस अजून त्या गोष्टीच्या आत असतो, त्याला शेवट माहीत नसतो. त्याचं मत उद्या बदलेल आणि बदललेलं दिसलं पाहिजे. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नातला ‘सध्या’ मला त्यासाठी मोलाचा वाटतो. आवडत्या दहा पुस्तकांची यादी विचारली की माणूस छाप पाडायला बघतो, ठरलेली मोठी नावं सांगतो. सध्या उशाशी काय आहे असं विचारलं तर खरं उत्तर येतं : एक भयकथा, एक अध्यात्म, शेळीपालनाची एक पुस्तिका, आणि गेला महिनाभर अडतिसाव्या पानावर अडकलेली एक थोर कादंबरी.

सरकारनं पुस्तकं पोचवण्याचं काम केलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अ-ब-क-ड वर्गांनुसार अनुदान आहे. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या उघड्या करून दिल्या आणि पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं मांडली गेली. तिथं कुणी पैसे मागत नाही, पुस्तक घ्या आणि ओसरीवर बसून वाचा. पुढे सांगली जिल्ह्यात औदुंबरशेजारच्या अंकलखोपचीही याच योजनेत निवड झाली, जिथं कृष्णाकाठी दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. हे सगळं झालं म्हणूनच पुढचं मागायचा धीर होतो. पुस्तक वाचकापर्यंत आलं, आता वाचकाचं म्हणणं परत पुस्तकाकडे, निदान दुसऱ्या वाचकाकडे, गेलं पाहिजे. भिलारच्या प्रत्येक घरात ‘आज इथं बसून मी हे वाचलं आणि मला असं वाटलं’ हे लिहायला एक वही असेल, तर पुढच्या सुट्टीत आलेला पर्यटक कपाटाआधी ती वही उघडेल.

वाचनालयाचा दर्जा ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती, दार किती वेळ उघडं, हे मोजलं जातं. हे मोजावंच. पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. काही पुस्तकांची चिठ्ठी भरून दुसरी चिकटवलेली असते, काहींवर वीस वर्षांत एक शिक्का नसतो. हे कोरं पुस्तकही संख्येत धरलं जातं. ते का पडून आहे, नाव रुक्ष आहे म्हणून की आतलं कळत नाही म्हणून की कुणाला ते आहे हेच माहीत नाही म्हणून, हे चिठ्ठी सांगत नाही. शासनमान्य यादीतून, मोठ्या सवलतीत, मार्चअखेरीला पुस्तकं घेताना कार्यकारिणीच्या हाताशी वाचकांच्या मतांची वही असेल, तर खरेदी बदलेल. एखादं न वाचलं गेलेलं चांगलं पुस्तकही कुणा एकाच्या चार ओळींमुळे बाहेर निघेल. ग्रंथपाल आजही हे तोंडी करतातच. ‘हे न्या, तुम्हाला आवडेल’ असं म्हणणारा ग्रंथपाल हे गावाचं भाग्य असतं. पण तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर ते सगळं ज्ञान जातं.

आक्षेप येतील, काही मी ऐकलेत. कोण काय वाचतो हे खासगी असतं, हा त्यातला सर्वांत वजनदार. कुणी आजारावर वाचत असेल, कुणी घटस्फोटाच्या कायद्यावर, कुणी आपल्या घरात चालत नाही अशा विचारांवर. देवघेवीची नोंद कुणालाही दिसता कामा नये, याबाबत मी कुठलीही तडजोड मान्य करणार नाही. वहीत लिहिणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. नावाचा प्रश्न मात्र अवघड आहे. नाव लिहायला लावलं तर गावातल्या लेखकाबद्दल कुणी खरं लिहिणार नाही, नाव अजिबात नको म्हटलं तर वहीत शिव्या येतील. मला मधला रस्ता सुचतो : मताखाली फक्त सभासद क्रमांक. ग्रंथपालांना माणूस माहीत, बाकीच्यांना नाही. आणि दोन अटी. किती पानं वाचली ते लिहायचं. लेखकावर नाही, लेखनावर लिहायचं. जात, धर्म, घराणं यांवर घसरलेलं पान ग्रंथपालांनी सरळ काढून टाकावं.

सामान्य वाचकाच्या मताला काय किंमत, असं म्हणणाऱ्यांना मी त्या पेन्सिलवाल्या शेतकऱ्याकडे पाठवीन. तो शेतकरीच असावा, हस्ताक्षरावरून नाही पण रागावरून. जाणकार समीक्षकाला कादंबरीचा घाट दिसतो, पण आडसालीची तारीख त्या समीक्षकाला दिसत नाही. माहेरी परतलेली बाई, एसटीचा वाहक, कारखान्यावरचा चिटबॉय, अंगणवाडीताई, या सगळ्यांना पुस्तकातलं काहीतरी असं दिसतं, जे बाकी कुणाला दिसलेलं नसतं. साहित्य कुणासाठी आहे यावर आपण मोठमोठी भाषणं ऐकतो. ज्यांच्यासाठी ते आहे, त्यांनाच एकदा विचारावं.

शाळांतही हे व्हायला हवं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, मुलांच्या हाती पुस्तकं येतात, चांगलं आहे. सोळा तारखेला वर्गात विचारा, काल काय वाचलंस आणि कसं वाटलं. एखाद्यानं ‘कंटाळा आला’ म्हटलं तर त्याला गप्प बसवू नका. कुठल्या पानावर आला आणि का, ते विचारा. तिथून जो बोलायला लागतो तो पुढे वाचतो.

ग्रंथपाल आधीच तुटपुंज्या मानधनावर राबतात, त्यांच्यावर आणखी एक काम नको, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून वही सांभाळण्याची जबाबदारी सभासदांनी पाळीपाळीनं घ्यावी. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी, दैनिकं वाचणारे उठले की त्याच टेबलाभोवती दहा-बारा जणांनी बसून त्या महिन्याच्या नोंदी मोठ्यानं वाचाव्यात. प्रमुख पाहुणे नकोत, हार नकोत, ध्वनिक्षेपक तर नकोच. खर्च दोनशे पानी वहीचा आणि दोरीनं बांधलेल्या पेनाचा. आमच्या वाचनालयाच्या यंदाच्या वार्षिक सभेत मी हा ठराव लेखी देणार आहे. सूचक म्हणून माझं नाव असेल, अनुमोदक पाहिजे आहे.